आधीच विचारलेला प्रश्न

मॉडरेटरसाहेब, तुमच्या कॉम्प्युटर-मदतीच्या साइटवर तुम्ही माझा प्रश्न बंद केलात. वर शेरा मारलात, 'हे आधीच विचारलंय, शोधून बघा.' नवशिक्याला हाकलायची तुमची ही खोड जुनी आहे.

मी मंगल. कोळारच्या गोदामात हजेरीचा डेटाबेस सांभाळते, मोबाईलवर बघून स्वतः शिकले. काम सोडून गेलेल्या विमलबाईंचं नाव मी डिलीट करते आणि सकाळी ते पुन्हा हजर. असं कामून होतं, एवढंच विचारलं होतं.

तुम्ही दिलेली जुनी लिंक उघडली. प्रश्न शब्दन्‌शब्द माझाच, गोदामही आमचंच. फक्त पुसायचं नाव वेगळं. मंगल राजपाल. म्हणजे मी.

शेजारच्या टेबलावरच्या शिवशरण अण्णांना दाखवलं.

"थट्टा करायलीस व्हय गं? तूच टाकला असशील."

"तारीख बघा की अण्णा. तवा मी शाळेत होते. इथं गोदाम न्हाई, ज्वारी होती."

अण्णा हसायचे थांबले.

त्या जुन्या प्रश्नाखाली एकच उत्तर होतं, तुम्हीच हिरवी खूण करून बरोबर ठरवलेलं: 'नाव येत राहील. पुसत राहा. एक दिवस यायचं थांबेल.'

आज गेटवरच्या हजेरीच्या मशीननं माझा अंगठा ओळखला नाही.

तो प्रश्न कोणी विचारला होता? माझा प्रश्न उघडा आणि उत्तर द्या.