चार श्रेयांक

नाटकाचे दिग्दर्शक वीरधवल सरांनी ब्राह्मीच्या नोंदवहीचे पान उलटले, आणि पुन्हा मागचे पान काढून पाहिले.

सांगलीतल्या त्या तालमीच्या खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. ब्राह्मी समोर उभी होती. सर शेवटच्या पानावर सही करतील, शिक्का मारतील, झाले, एवढीच तिची कल्पना. नाट्यशास्त्राच्या पदवीसाठी एकशेवीस तासांचे प्रत्यक्ष काम लागत होते. त्याचे चार श्रेयांक. आष्ट्याहून चाळीस दिवस एसटीने ये-जा करून तिने ते तास भरले होते, प्रॉम्प्टर म्हणून. विंगेतल्या स्टुलावर बसायचे, मांडीवर संहिता ठेवायची, आणि नटाला अडलेला शब्द कुणाच्या नकळत त्याच्यापर्यंत पोहोचवायचा. महाविद्यालयातल्या सरांनी बजावले होते, नोंदी मोघम नकोत, आकडे द्या. तिने आकडे दिले होते.

'अंजनाबाई, पहिला अंक : सात ठिकाणी शब्द पुरवला.' पुढच्या आठवड्यात नऊ. परवाच्या तारखेला चौदा.

वीरधवल सर रोज पहिल्या रांगेत बसून तालीम पाहत. यातले एक अक्षरही त्यांच्या कानी गेले नव्हते. ब्राह्मीची कुजबुज इतकी मुरली होती, की मुख्य भूमिकेतल्या अंजनाबाईंच्या श्वासातूनच तो शब्द उगवल्यासारखा वाटे.

ती कुजबुज तिला शिकवली होती याच अंजनाबाईंनी, तिच्या अंजनामावशींनी. माणदेशातल्या दहिवडीची ही बाई पन्नास वर्षे रंगमंचावर उभी होती. पहिल्या दिवशी ब्राह्मीने घाईघाईने शब्द फेकला, तेव्हा मावशी तरातरा विंगेत आल्या.

"आगं पोरी, थितं मला थांबायचं हाय! गप बसणं म्हंजी इसरणं न्हवं."

"मग मला कळायचं कसं, मावशी?"

"डाव्या हाताकडं बघायचं. इसरले की ह्यो हात पदर हुडकाय लागतो. हात गप हाय तवर तूबी गप." मग स्टुलाला टेकून त्यांनी विचारले, "आन् हितं बसून तुला काय गावतंय?"

"चार श्रेयांक."

"ह्यो कुठला आणि अंक? आमच्या नाटकाला दोनच हायती की गं!" आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की प्रकाशयोजनेचा माणूस शिडीवरून खाली डोकावला.

पुढे तो हात पदर अधिकाधिक शोधू लागला. त्याविषयी दोघींपैकी कुणीच कधी बोलले नाही. मावशी फक्त आपल्या कपातला अर्धा चहा तिच्या कपात ओतू लागल्या. शनिवारी साताऱ्याला प्रयोग होता. माणातून, मावशींच्या गावाकडून, दोन जीपगाड्या भरून माणसे येणार होती. आपल्या माणसांनी मावशींना एवढ्या मोठ्या रंगमंचावर कधी पाहिलेच नव्हते. "तू हायस म्हणून उभी हाय बघ मी," असे त्या एकदाच म्हणाल्या होत्या, तेही आरशाकडे पाहत.

"हे खरं आहे?" वीरधवल सरांनी वहीवरून नजर न उचलता विचारले.

ब्राह्मी त्यांच्या बोटाखालच्या आकड्याकडे पाहू लागली.

"चौदा ठिकाणी! साताऱ्यात तुझा एक शब्द हुकला तर अख्खं नाटक पडेल. चुकून लिहिलं असशील तर आत्ता सांग. पण मग खोट्या नोंदींवर माझी सही नाही. वही बाद, तास बाद."

एका शब्दाचे काम होते. चाळीस दिवस ती दुसऱ्याच्या तोंडात अचूक शब्द ठेवत आली होती. स्वतःच्या तोंडातला हवा तो शब्द मात्र तिला सापडेना. विंगेत तर कुणीच नव्हते.

"खरं आहे, सर."

सही झाली. शिक्काही उमटला. दिवस मावळायच्या आत मावशींची भूमिका एका धाकट्या नटीकडे गेली. शनिवारी साताऱ्याचे नाट्यगृह भरले, पण माणातून एकही गाडी आली नाही. पुढच्या सोमवारी महाविद्यालयातल्या सरांनी तिची वही वर्गात उंच धरून दाखवली. नोंद कशी असावी, तर अशी. चारपैकी चार.

त्याच दुपारी ब्राह्मी आपल्या कामाचे प्रमाणपत्र न्यायला तालमीच्या खोलीवर गेली, आणि दारातच थबकली. अंजनामावशी आपली रंगभूषेची पेटी न्यायला आल्या होत्या. पेटी जमिनीवर होती, त्या तिच्याजवळ उभ्या.

"मावशी, मी त्ये लिवाय नको हुतं," ब्राह्मी म्हणाली. "सरांनी इचारलं, तवा खोटं हाय म्हणता आलं असतं मला. म्हणले न्हाई. माज्या श्रेयांकासाठी म्हणले न्हाई. तुमी रागावलाय न्हवं माज्यावर?"

मावशींनी तिच्याकडे पाहिले. ओठ किंचित विलगले, आणि तसेच राहिले.

शांतता लांबत गेली. त्या शांततेत ब्राह्मीच्या मनात एक आशा उगवली, आणि तिची तिलाच शरम वाटली. इतके शब्द विसरणारी ही बाई, हेही विसरली असेल. कदाचित ही पोर कोण, हेच तिला आठवत नसेल.

सवयीने तिची नजर मावशींच्या डाव्या हाताकडे गेली.

हात गप होता. पदराकडे गेला नाही. मग त्याच हाताने मावशींनी पेटी उचलली, आणि उत्तर न देता त्या पायऱ्या उतरून निघून गेल्या.