एकक : परस

"हे मीटर कुणी लिहिलं?"

सोनमने लॅपटॉप तिच्या वरिष्ठांच्या, विश्वजित सरांच्या टेबलावर जवळजवळ आपटलाच. सकाळच्या एसटीने ती पाणी योजनेच्या सांगलीच्या शाखेतून साताऱ्याच्या मुख्य कार्यालयात आली होती, आणि राग वाटेत निवायचा सोडून कऱ्हाडपर्यंत दुप्पट झाला होता.

पडद्यावर पूर्वेकडच्या दुष्काळी गावांतल्या विहिरींची फाइल होती. प्रत्येक विहिरीची आकड्यांची एक रांग, पाणी जमिनीपासून किती खोल ते सांगणारी. रांगेला माहितीच्या चिठ्ठ्या जोडलेल्या : विहीर कुठली, मोजली कुणी, मोजली कशात. संगणकवाले त्यांना अॅट्रिब्यूट म्हणतात. हिवरतळच्या विहिरीला मोजणारा म्हणून नाव होतं आप्पासो. ते सोनमचे वडील. आणि एकक म्हणून लिहिलं होतं मीटर.

सर शांतपणे म्हणाले की ती जागा रिकामी होती. आप्पासो आठवड्याला फोन करून नुसता आकडा सांगतात, कशात ते सांगत नाहीत. बाकीच्या सगळ्या विहिरी मीटरमध्ये, म्हणून हीही मीटरमध्ये धरली.

"विचारलंत त्यांना?"

सरांनी विचारलं नव्हतं. सोनमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोरेगावच्या उसात, कॅनॉलच्या काठी वाढलेला माणूस हा. मेंढरांमागे फिरणारी माणसं विहीर कशी मोजतात, याचं त्याला काय सोयरसुतक? हिवरतळात विहीर परसात मोजतात. परस म्हणजे उभा माणूस, म्हणजे साधारण पावणेदोन मीटर. दोरीला परसापरसावर गाठ मारायची, टोकाला दगड बांधायचा आणि सोडायची आत. तिच्या आजोबांनी तशीच मोजली आणि आप्पांनीही.

तिने हे सगळं सरांना ऐकवलं. वर हेही सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीत आपण स्वतः मीटरच्या खुणांची चांगली टेप नेऊन दिली होती, तर आप्पा म्हणाले, आमाला आमची दोरीच बरी, आणि टेप खुंटीला टांगून मोकळे झाले.

प्रश्न साधा नव्हता. उपसा योजनेचा एक फाटा पूर्वेला निघणार होता, आणि तो एकाच वस्तीला मिळणार होता. ज्यांचं पाणी जास्त खोल, त्यांना. हिवरतळचा आकडा होता नऊ. शेजारच्या गोरडवस्तीचा बारा मीटर. नऊ मीटर धरले तर पाणी गोरडवस्तीला जाणार. नऊ परस धरले तर त्याचे होतात जवळपास सोळा मीटर, आणि मग पाणी हिवरतळचं. गोरडवस्ती सोनमच्या आईचं माहेर. तिला त्यांचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण सरांच्या आळसापायी आपल्या गावाने घशाला कोरड घेऊन बसायचं, हे तिला सहन होणार नव्हतं.

सरांनी चष्मा पुसला आणि रांगेवर बोट ठेवलं.

"हे बघ. वर्षभर पाचच्या आसपास. नोव्हेंबरात एका आठवड्यात एकदम नऊ. विहीर अशी खाली जात नाही. वस्त्यांची यादी मंजुरीला जायच्या आधी वडिलांना एक फोन कर आणि विचार."

इथे मात्र सोनमचा तोल सुटला.

"पाणी पळालं की असंच पळतं, सर. तुम्ही कधी बघितलेलं नाही. ज्या माणसाने जन्मभर विहीर मोजली, त्याला मी आता विचारू, आप्पा, तुम्हाला मोजता येतं का? आमची माणसं अडाणी, हेच धरून चालता तुम्ही."

आजूबाजूच्या टेबलांवरची कामं थांबली. सरांचा चेहरा पडला. त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. अख्ख्या रांगेला एकक एकच असतं. सोनमने मीटर पुसलं आणि परस लिहिलं. रांगेतले सगळे आकडे एका झटक्यात वाढले आणि यादीत हिवरतळ गोरडवस्तीच्या वर गेलं.

यादी मंजूर झाली. उन्हं तापायच्या आत हिवरतळच्या माळावर चर खणायला यंत्र आलं.

सोनम सुट्टीला गावी गेली तेव्हा बायकांनी तिला वेशीतच ओवाळलं. कुणी नारळ दिला, कुणी गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तिला आतून फार बरं वाटलं. साहेबाच्या तोंडावर बोलायला कुणीतरी लागतं, आणि ते आपण केलं, असं तिला वाटलं.

आई तेवढी वेशीत आली नव्हती. भाकरी थापता थापता म्हणाली, "गुंडाचा फोन आलता." गुंडा म्हणजे गोरडवस्तीचा मामा. "तिकडं बाया दोर धरून आडात उतरत्यात. तुजी मामी काल पडली. पाय मोडलाय."

"मग मी काय आकडा खोटा लिहायचा होता, आई?"

आईने भाकरी तव्यावर टाकली. सोनम उठून विहिरीकडे गेली.

आप्पासो काठावर घोंगडं टाकून बसले होते. लेकीला बघून त्यांचा चेहरा उजळला. साऱ्या तालुक्यात तुझं नाव झालंय, म्हणाले. मग जरा लाजत त्यांनी घोंगड्याखालून काहीतरी काढलं.

सोनमची टेप होती. टोकाला वजनासाठी लोखंडी नट बांधलेला, आणि कडा पाण्यात सोडून सोडून पांढऱ्या पडलेल्या.

"तवा मी न्हाई म्हनलो खरा," आप्पासो म्हणाले. "पर तू एवढ्या हौसेनं आनलीस, मग खुंटीला कशी ठेवू? दिवाळीपास्नं दोरीला हात लावला न्हाई बग."