डुप्लिकेट चावी

पीठ मळायच्या अवाढव्य मशीनमध्ये ती कमरेपर्यंत शिरली होती. पात्यांना चिकटलेलं वाळकं पीठ खरवडून तिचा जीव मेटाकुटीला आला होता, त्यात बाहेर सुपरवायझरची टकळी. “ताई, चावी द्या ना, ओव्हन कधीचा तापून बसलाय!” “साहेब, दहादा सांगितलं! जो आत शिरतो, तो स्विचला कुलूप लावून चावी गळ्यात घालतो. कुणी मशीन चालू केलं, तर कणकेबरोबर मीही मळली जाईन!” बाहेर सामसूम झाली. तिला हायसं वाटलं. एवढ्यात साहेब खुशीत ओरडले, “राहू द्या, तुम्हाला त्रासच नको! मी डुप्लिकेट करूनच ठेवलीय!” ती अशी काही बाहेर आली, की साहेब दोन पावलं मागे सरकले. तिने पिठाळलेला हात पुढे केला. दोन्ही चाव्या गळ्यात घालून ती पुन्हा आत शिरली आणि मुद्दाम सावकाश खरवडू लागली.