काडेपेटीएवढं घर

शहराच्या संग्रहालयात काचेखाली लाकडाचं अख्खं शहर मांडलं होतं. ते सांभाळणाऱ्या मिस्त्रींचं काम एकच. खरं घर पाडलं गेलं की त्याचं काडेपेटीएवढं घर चिमट्यानं उचलायचं आणि बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. एक घर मात्र त्यांनी तीन वर्षं मुद्दाम उचललं नव्हतं. दर मंगळवारी एक आजी येऊन त्याच्यासमोर तासभर उभ्या राहायच्या.

शेवटी नव्या साहेबांनी पकडलंच. "मिस्त्री, पाडलेलं घर अजून उभं? हसतील लोक आपल्याला!"

"एवढा एक मंगळवार जाऊ द्या, साहेब."

मंगळवारी मिस्त्रींनी काच सरकवली, घराला फुंकर मारली आणि ते आजींच्या तळहातावर ठेवलं. "घेऊन जा, आजी. कुणी विचारणार नाही."

आजी त्यावरून बोट फिरवत राहिल्या. "खिडकी थोडी चुकलीय हो तुमची. केव्हापासून सांगेन म्हणतेय." मग त्यांनी घर हळूच परत मिस्त्रींच्या हातात दिलं.

"राहू दे तुमच्या डब्यातच. लेकाकडे माझी एक खाट आहे, बाबा. खाटेखाली लेका-सुनेचे खोके, उशाशी नातवाचं दप्तर. हे मी ठेवू कुठं?"