डिसेंबरातला पाऊस

पिलारबाई पडल्या तेव्हा बिरेत पाय घसरू नये म्हणून अंगणातल्या बर्फावर खडीच टाकत होती. निम्म्या अंगणात टाकून झाली होती. बाई नेमक्या उरलेल्या निम्म्यात उतरल्या.

सत्तरीच्या, स्पेनहून उत्तरेच्या या टोकाला बिरेतकडे पाहुण्या म्हणून आलेल्या. बर्फ पाहायचा आणि रेनडियरच्या घसरगाडीत बसायचं, एवढ्यासाठी आलेल्या. पण पूर्वी डिसेंबरात कधी न पडणारा पाऊस रात्रभर बर्फावर पडला होता आणि सकाळी गोठून त्याची काच झाली होती. बाईंचा उजवा पाय बाहेरच्या अंगाला वळला होता. खुब्याचं हाड.

बिरेतचा नवरा आस्लाक फोन कानाला लावूनच बाहेर आला. "अँब्युलन्स टेकडीखाली उभीय. दोनदा चढली, दोनदा मागे घसरली. रेनडियर जुंपू?"

"या उतारावर? त्याचे चारी पाय फाकतील आणि गाडी त्याच्याच अंगावर जाईल."

मग दोघांनी बाईंना रेनडियरच्या कातड्यात गुंडाळून घसरगाडीत निजवलं. बिरेतने गाडीच्या मागे दोर बांधला, त्याचा वेढा बर्चच्या झाडाच्या बुंध्याला दिला आणि हळूहळू सोडू लागली. आस्लाक पुढे गाडीला पाठ लावून, बसूनच खाली सरकत होता. दोर संपला की तो बुटांच्या टाचांना लावलेल्या खिळ्यांवर गाडी पेलून धरायचा आणि बिरेत रांगत पुढच्या झाडाशी जायची. अशी अकरा झाडं. सातव्यापाशी दोर सुटून हातातून सरसर गेला, हातमोजा फाटला, तळवा सोलला. तिने ओठ घट्ट आवळून दोर धरला. गाडी थांबली.

"माफ करा हो," पिलारबाई कण्हत म्हणाल्या, "तुमचा दिवस वाया घालवला."

"दिवस कसला बाई! या महिन्यात आमच्याकडे सूर्यच उगवत नाही."

बाई हसायला गेल्या आणि कळवळल्या.

खाली अँब्युलन्सच्या माणसांनी त्यांना उचलून आत घेतलं. दार लावायच्या आधी त्यांनी बिरेतचा हात धरला. तोच, सोललेला. बिरेतने तो तसाच राहू दिला.

"माझी रेनडियरची फेरी राहिली की हो. पुढच्या वर्षी येईन. कधी येऊ? बर्फ चांगला कधी असतो?"

हा प्रश्न बिरेतला नवा नव्हता. सव्वीस वर्षं पाहुणे जाताना हेच विचारायचे आणि ती तोंडपाठ सांगायची, डिसेंबरात या. आता ती टेकडीकडे पाहत राहिली. झाडांवरून पाणी ठिबकत होतं.

"उन्हाळ्यात या," ती म्हणाली. "तेव्हा पाय घसरत नाही."

दोर गुंडाळणाऱ्या आस्लाकचे हात थांबले. त्याने बायकोकडे पाहिलं. ती काही त्याच्याकडे पाहत नव्हती.