अध्यक्षांचा रुमाल

आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजात विज्ञानाची नवी प्रयोगशाळा बांधून झाली. हवेतली राख मोजणारं यंत्र तिथे द्यायचं की नागपुरातच ठेवायचं, हे ठरवायला विद्यापीठाची समिती आली आणि नेमकी वीज गेली. "तहसीन मॅडम, इथे लोडशेडिंग फार आहे. यंत्र नागपुरातच बरं," म्हणत अध्यक्षांनी पांढऱ्या रुमालानं खुर्ची पुसली. ती मी सकाळीच पुसली होती, तरी रुमाल काळा झाला. माझं डोकं सणकलं. मी खिडकीबाहेरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दाखवल्या. "वीज तिथीच तयार होते, सर. वीज मुंबईले, राख आमाले, अन् राख मोजाचं यंत्र नागपूरले?" मी त्यांच्या हातातला रुमाल घेऊन नमुन्याच्या पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवलं. "अहो, माझा रुमाल!" "देते ना सर. पयले यंत्र येऊ द्या, रुमालावरची राख मोजू द्या."