खंडेनवमीचा पाट

खंडेनवमीच्या पाटावर आईने खापरपणजोबांचा भाला, पणजोबांची तलवार, आजोबांची संगीन आणि बाबांचं भोक पडलेलं हेल्मेट मांडलं. प्रत्येक वस्तू लढाईवरून घरी परतली होती. मालक तेवढे तिकडेच राहिले होते.

शेवटी संग्रामने लॅपटॉपचा माऊस ठेवला. सीमेपलीकडे ड्रोन उडवून बॉम्ब टाकायची त्याची नोकरी होती, आणि लढाई सुरू झाल्यापासून ती घरूनच करायची मुभा मिळाली होती.

“झेंडू कुठे वाहू रे?”

“बटणावर नको, आई. एखादं गाव उडायचं.”

आईने हसू दाबत माऊसला हळदकुंकू लावलं, मग संग्रामच्या कपाळालाही. “या घरात पहिल्यांदाच हत्यार आणि माणूस एकत्र पूजेला बसलेत. आता मला घोर नाही. इथवर कोण येतंय तुला मारायला?”

तेवढ्यात कौलांवर घरघर ऐकू आली.

“शेजारणीने मिक्सर लावला वाटतं,” आई म्हणाली.

संग्रामने वर पाहिलं. ड्रोनचा आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. पण त्याचं ड्रोन तर सकाळीच तळावर उतरलं होतं.

सीमेपलीकडेही कोणीतरी घरूनच काम करत होतं.